तिन्हीसांजेचा नियम

ओउलूमध्ये नोव्हेंबर लागला की दुपार नावाची गोष्ट उरत नाही. सकाळी साडेनऊला आकाश निळं होतं, अडीचला ते पुन्हा निळं होतं, आणि या दोन निळाईंच्या मध्ये सूर्य क्षितिजावर जरासा टेकतो, उपचार म्हणून, आणि निघून जातो. फिनलंडच्या उत्तरेकडच्या या शहरात वैजयंता सुतार आल्या त्या जूनमध्ये. तेव्हा सूर्य मावळायचं नाव घेत नव्हता आणि देवापुढे दिवा लावायचा तरी कधी, असा त्यांना पेच पडला होता. नोव्हेंबरात पेच उलटा झाला. जेव्हा बघावं तेव्हा दिवेलागणच. शेवटी त्यांनी मिरजेच्या घड्याळाप्रमाणे दिवा लावायचं ठरवलं आणि तो प्रश्न निकालात काढला.

मिरजेत अख्खी गल्ली त्यांना वैजाक्का म्हणायची. नवरा सतारी घडवणारा कारागीर. तो गेला, घर खायला उठलं, तेव्हा एकुलत्या लेकीने, केतकीने, आईला आपल्याकडे आणलं. इथे घर उबदार होतं, नळाला चोवीस तास पाणी होतं आणि बोलायला चिटपाखरू नव्हतं. केतकी सकाळी आठला प्रयोगशाळेत जायची ती पाचला यायची. इमारतीतली माणसं तर अशी, की आधी दाराच्या भिंगातून बघायची, जिना मोकळा आहे याची खात्री करायची आणि मगच बाहेर पडायची. मिरजेच्या बाईला हे म्हणजे जेवायला बसवून पानात काही न वाढण्यासारखंच होतं.

पण वैजाक्कांना शेजारीण मिळाली. ती मिळवून दिली समतोलने.

समतोल म्हणजे मसुराच्या दाण्याहून थोडं मोठं, कानात बसणारं यंत्र. केतकीची प्रयोगशाळा तेच बनवायची. बोलणं भाषांतरित करणारी यंत्रं तोवर गल्लोगल्ली झाली होती, पण त्यांच्यामुळे भांडणं कमी होण्याऐवजी वाढली होती. कारण साधं आहे. मिरजेत कुणी "जेवलात का?" विचारलं तर त्याला तुमच्या भाताशी काही देणंघेणं नसतं, आणि ओउलूत तेच विचारलं तर समोरचा चपापून विचारात पडतो, की ही बाई माझ्या जेवणावर नजर का ठेवून आहे. शब्द बरोबर पोचतो, माणूस पोचत नाही.

समतोल शब्दांच्या मागे लागत नसे. तो बोलण्याचं वजन करायचा. एक वाक्य बोललं गेल्यावर ऐकणारा जवळ सरकतो की मागे, त्याचा आवाज सैल होतो की आवळतो, दोघं पुन्हा कधी भेटतात, या सगळ्यावरून त्या वाक्याने नात्यात किती भर टाकली ते मोजायचं. जगभरच्या जिन्यांवरची, नळांवरची, दुकानांतली लाखो तासांची बोलणी ऐकून तो हे शिकला होता. मग तेवढ्याच वजनाचं वाक्य समोरच्याच्या रीतीभातीत शोधायचं आणि बोलणाऱ्याच्याच आवाजात कानात सांगायचं. मूळ आवाज उलट्या लहरींनी पुसला जायचा, त्यामुळे मध्ये कुणी आहे हे कळायचंही नाही. मराठी आणि फिनिश ही जोडी अजून चाचणीतच होती आणि चाचणीला घरचीच बाई मिळाली, तर केतकीला हवीच होती.

समोरच्या दारामागे इर्मा कोस्किनेन राहायच्या, आणि चाचणीचा दुसरा दाणा केतकीने त्यांच्या कानात बसवून दिला होता. वय अठ्ठ्याहत्तर, उंच, हाडकुळ्या, चाळीस वर्षं हवामान केंद्रात निरीक्षक म्हणून काढलेल्या. वैजाक्कांनी पहिल्या आठवड्यातच डब्यात धपाटे घालून त्यांची बेल वाजवली. दार उघडलं, त्या लांबट, गंभीर चेहऱ्यावर कुठे सुरकुतीही हलली नाही, पण कानात आवाज आला, "या की वो वैजाक्का. बसा की. कॉफी टाकलीय, घेतल्याबिगर सोडायची न्हाई."

वैजाक्कांना भरून आलं. परक्या मुलखात कुणीतरी "न्हाई" म्हणालं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या समोरच्या दारात उभ्या राहायच्या आणि दार उघडलं जायचं. खिडकीशी दोन खुर्च्या, खाली अंगण, अंगणात पिवळी रंगवलेली, सेंटिमीटरच्या खुणा केलेली एक काठी. इर्माबाई निवृत्त झाल्या तरी रोज सकाळी जाऊन बर्फ किती साचलं ते बघायच्या आणि मेणकापडाच्या वहीत लिहायच्या. कॉफी घेता घेता त्या काहीबाही सांगायच्या: गुडघ्याचं दुखणं, कुणाची सून कशी, आज मुळात उठवतच नव्हतं पण तुम्ही येणार म्हणून उठले. वैजाक्का मग मिरजेचा सगळा बाजार त्यांच्यापुढे मांडायच्या. बाहेर निळसर उजेडात बर्फ भुरभुरत असायचं, दोन म्हाताऱ्या बोलत असायच्या, आणि वैजाक्कांना कधी कधी वाटायचं की आपण हे झोपेत तर बघत नाही ना. इतकं सुख सहसा जागेपणी मिळत नाही.

एकच काटा होता. डबा.

आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसेल तर चिमूटभर साखर, एखादी सुपारी, अगदी कढीलिंबाची काडी. पण रिकामं नाही. इर्माबाई तोंडाने एवढ्या गोड, आणि डबा मात्र प्रत्येक वेळी लख्ख घासून, कोरडा करून, रिकामा वैजाक्कांच्या दाराच्या मुठीला अडकवलेला असायचा. वैजाक्का तो आत घेण्याआधी घरातली साखर आणून त्यात टाकायच्या आणि मगच उंबऱ्याच्या आत न्यायच्या. म्हणजे नियमही राहिला आणि शेजारणीची अब्रूही. पण त्यांच्या मनात यायचं, जिभेवर एवढी साखर असणाऱ्या बाईला डब्यात चिमूटभर टाकवत नाही, हे काय गौडबंगाल आहे?

बारा जानेवारीला वैजाक्का दारात उभ्या होत्या तेव्हा इर्माबाई लहानशी बॅग घेऊन जिना उतरताना दिसल्या. वैजाक्का चपला सरकवून मागे धावल्या. कुठे निघालात, हे त्यांनी विचारलं नाही. निघालेल्या माणसाला "कुठे" म्हणून टोकू नये, एवढं कुणालाही कळतं. त्यांनी नुसतं, सावकाश जा, असं म्हटलं. इर्माबाई टॅक्सीच्या दारात थांबल्या, वळल्या आणि दोन लहान वाक्यं बोलल्या. कानात आवाज आला, "आलेच मी. काळजी नसावी."

नऊ दिवस झाले तरी त्या आल्या नाहीत.

वैजाक्कांनी दुसऱ्या दिवशी समोरच्या दाराला अडकवलेला शिऱ्याचा डबा तसाच मुठीला लोंबत राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो काढला, ताजा करून अडकवला. सहाव्या दिवशी पुन्हा. काठीच्या खुणा बर्फात एकेक करून बुडत होत्या आणि त्या बघायला कुणी नव्हतं. नवव्या दिवशी केतकी घरी आली तशी त्यांनी तिला कोटही काढू दिला नाही.

"ह्या बाई गेल्या कुठं गं? आलेच म्हणाल्या मला. नऊ दिवस झाले."

चाचणीच्या यंत्रात मूळ आवाजही जपून ठेवलेले असत. केतकीने ते उघडलं, ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग आईकडे न बघताच तिने सांगितलं की इर्माबाई असं म्हणाल्याच नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या, हॉस्पिटलच्या वॉर्डात चालले आहे. वेळ लागेल.

"मग मला तसं का न्हाई सांगितलं त्यानं?"

केतकीने बराच वेळ पडद्यावर शोधाशोध केली. मग तिने आईच्या हातावर हात ठेवला आणि वाचून दाखवलं. नियम चारशे बारा. सूर्य क्षितिजाच्या वर सहा अंशांहून कमी चढलेला असताना मरण, आजार, कायमचा निरोप यांचा उघड उल्लेख करायचा नाही. त्याजागी धीराचं वाक्य द्यायचं. नियम सुचवणाऱ्या: व. सुतार, मिरज.

वैजाक्कांना आठवलं. मागच्या वर्षी केतकीने चार हजार वाक्यं पाठवली होती, तुमच्यात कोणतं बोलतात आणि कोणतं नाही ते खुणा करून कळवा म्हणून. गल्लीतल्या तिघीजणींना जमवून, चहाच्या चार फेऱ्या करून त्यांनी तो कारभार उरकला होता. काय मजा आली होती. आणि जिथे जिथे "मी आता जगणार नाही", "डॉक्टरांनी आशा सोडली" असलं काही आलं, तिथे त्यांनी स्वतः ठसठशीत काट मारून लिहिलं होतं, दिवेलागणीला असं अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. यंत्राने ते इमानाने ऐकलं. दिवेलागण म्हणजे नेमकं काय, ते त्याने मिरजेच्या सूर्यावरून मोजून घेतलं: सहा अंश. मिरजेत ती वेळ जेमतेम पंचवीस मिनिटांची. ओउलूत सूर्य नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत सहा अंशांच्या वर चढतच नाही. अडीच महिन्यांची तिन्हीसांज, आणि तेवढे अडीच महिने वैजाक्कांच्या कानाशी एकही अभद्र शब्द येऊ दिला गेला नव्हता.

"अजून काय काय लपवलंय त्यानं?" त्यांनी विचारलं.

चोवीस नोव्हेंबर. केतकीने यंत्रातून आलेलं वाक्य आधी लावलं: "वसंतात सगळं नीट होतंय बघा." वैजाक्कांना तो दिवस लख्ख आठवत होता. त्यांनी आनंदाने सांगितलं होतं, होणारच की, पाडव्याला मी तुम्हाला पुरणपोळी करून घालते, तूप मिरजेहून मागवते. मग केतकीने मूळ वाक्य लावलं. खरखरीत, सपाट आवाज. केतकीने अर्थ सांगितला: डॉक्टर म्हणतात, वसंतापर्यंत.

"आणि माझ्या पुरणपोळीचं काय झालं तिकडं?"

"त्यांच्या कानात गेलं, 'समजलं.' एवढंच."

वैजाक्का खुर्चीत बसल्या. त्यांना रडू आलं नाही, राग आला, आणि कुणाचा ते कळेना. बाईने आपलं मरण सांगितलं आणि आपण तिला पुरणपोळी देऊ केली. बरं, तीही पोचली नाही. सात महिने आपण नक्की बोलत तरी कुणाशी होतो? गुडघेदुखी, सुना, "न्हाई" म्हणणारी ती मायेची बाई, ती मुळात होती का कुठे? त्यांनी कानातून समतोल काढला आणि टेबलावर ठेवला.

केतकी कासावीस झाली. नियम काढून टाकायला अर्धं मिनिट पुरे, आत्ता काढते, असं ती म्हणाली.

"राहू दे," वैजाक्का म्हणाल्या. "नियम खोटा न्हाई. जागा चुकली त्याची. मला तू सगळं सुरुवातीपासून ऐकव. त्यांच्या तोंडून जे आलं ते."

तीन संध्याकाळी मायलेकी तेच ऐकत बसल्या. इर्माबाईंचं सात महिन्यांचं बोलणं यंत्राची भर काढून टाकल्यावर चाळीस मिनिटांत संपलं. आज वारा वायव्येकडून आहे. कॉफी आहे. आज बर्फ अकरा सेंटिमीटर. आज सतरा. हो. आज बर्फ वितळलं, चौदा. भाकरी चांगली होती. धपाट्यांना त्या भाकरी म्हणायच्या. गुडघा, सून, काही नाही. आणि तो आवाज घासलेला, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा. यंत्राने तो घासूनपुसून गुळगुळीत करून दिला होता. वैजाक्कांच्या नवऱ्याने जन्मभर सतारीची जवारी लावली. तार घोडीला किंचित घासली पाहिजे, त्याशिवाय सूर खुलत नाही, आणि फार साफ केली तर सतार मुकी होते, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तिसऱ्या संध्याकाळी वैजाक्कांना त्या खरखरीत काहीतरी ओळखीचं लागायला लागलं होतं.

केतकीने मग एक गोष्ट सांगितली. इर्माबाई या इमारतीत एकतीस वर्षं आहेत. इथल्या रीतीप्रमाणे बर्फ किती पडलं हे माणूस शेजाऱ्याला सांगत नाही. सांगितलंच तर ज्याच्याशी गप्प बसता येतं अशालाच सांगतो. आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी त्या दार उघडायच्या ते बेल वाजल्यावर नाही. यंत्रात वेळा नोंदवलेल्या होत्या. शंभरातल्या नव्वद वेळा दार आधी उघडलं होतं, बेल नंतर वाजायची होती ती राहिली होती. म्हणजे ती बाई दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी असायची, पण जिना मोकळा होण्यासाठी नव्हे.

बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, असं आपल्यात म्हणतात. वैजाक्का सात महिने बोरांवरच खूश होत्या. गव्हाचं पोतं दारात रोज येऊन पडत होतं, ते त्यांना आता दिसलं.

इर्माबाई दुसऱ्या दिवशी परत आल्या. टॅक्सीवाल्याने बॅग वर आणून दिली. वैजाक्कांनी अकरा वाजून दहा मिनिटं होऊ दिली आणि समोर जाऊन उभ्या राहिल्या. दार उघडलं. इर्माबाई आणखी वाळल्या होत्या. वैजाक्कांनी आपल्या कानाला बोट लावून तळहात रिकामा दाखवला. इर्माबाईंनी तो तळहात बराच वेळ बघितला, मग आपल्या कानातला दाणा काढला, कोटाच्या खिशात टाकला आणि बाजूला झाल्या.

"काह्वी," त्या म्हणाल्या.

सात महिन्यांत वैजाक्कांना थेट कळलेला हा त्यांचा पहिला शब्द. कॉफी आली. दोघी बसल्या. पहिली दहा मिनिटं वैजाक्कांनी जीव मुठीत धरून गप्प बसून काढली, इथल्या रीतीला मान म्हणून. पण मिरजेचं पाणी किती वेळ अडवणार? त्या बोलायला लागल्या. मराठीत, सगळं: नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी त्याला कसं सांगितलं नव्हतं, त्याला ते कसं कळलं होतं, आणि दोघांनी एकमेकांना न सांगता सहा महिने कसे काढले. हे त्यांनी केतकीलाही कधी सांगितलं नव्हतं. इर्माबाईंना यातलं अक्षर कळलं नसणार. आजवर यंत्रातून ऐकून ही बाई दोन शब्दांपलीकडे बोलत नाही असं त्या समजत आल्या होत्या, आणि आता ती अर्धा तास थांबायला तयार नव्हती. त्यांच्या भुवया हळूहळू वर चढल्या, आणि त्या लांबट चेहऱ्यावर, एका बाजूने, काहीतरी हललं. त्या हसत होत्या.

निघताना वैजाक्कांनी डबा दाखवला. रिकामा. मान हलवली: असं नाही. मग टेबलावरच्या साखरेतली चिमूट उचलून डब्यात टाकली, झाकण लावलं, तो इर्माबाईंच्या हातात दिला आणि परत आपल्या हातात घेतला: असं. इर्माबाईंनी लक्ष देऊन बघितलं, एखादं नवं मापनयंत्र समजून घ्यावं तसं.

दोन दिवसांनी धपाट्यांचा डबा परत आला. दाराच्या मुठीवरून काढताना वैजाक्कांच्या हाताला वजन लागलं. झाकण उघडलं. आत काठोकाठ पांढरं, भुरभुरीत, चमचमणारं बर्फ होतं, वरून चाकूने सपाट केलेलं.

वैजाक्का जिन्यात एकट्याच इतक्या हसल्या की वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून पटकन लावलं. डबा त्यांनी केतकीच्या फ्रीझरमध्ये ठेवला. केतकीने काढायचा म्हटलं तर तिला हात लावू दिला नाही.

फेब्रुवारीत इर्माबाईंना जिना उतरवेना. एका सकाळी त्यांनी वैजाक्कांना खिडकीशी नेलं, काठीकडे बोट दाखवलं, मग वैजाक्कांकडे. तेव्हापासून मोजायचं काम वैजाक्कांकडे आलं. फिनिश आकडे केतकीने शिकवले. एकोणचाळीस म्हणायचं तर कोल्मेक्युम्मेंताय्युह्देक्सॅन. तेवढ्या वेळात मिरजेत माणूस चहा पिऊन होतो. पण वैजाक्का रोज बूट चढवून खाली जायच्या, काठीशी वाकून खूण बघायच्या, जिना चढता चढता आकडा घोकायच्या आणि दारात उभं राहून म्हणायच्या. इर्माबाई मान डोलावून वहीत लिहायच्या. उच्चार चुकला तर एकदा सुधारायच्या, दोनदा नाही. मार्चच्या मध्याला बर्फ अठ्ठावन्नवर गेलं. मग ते उतरायला लागलं आणि इर्माबाईही.

मार्चअखेर त्यांना हॉस्पिटलमध्ये हलवलं, पुन्हा घरी न येण्यासाठी. एका माणसाची खोली, मोठी खिडकी, बाहेर बागेचा उतार. वैजाक्का आधी काठी बघायच्या, मग बस धरायच्या. पाडवा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. मिरजेच्या तुपाची पुरणपोळी त्यांनी डब्यात घालून नेली. इर्माबाईंनी सुपारीएवढा तुकडा खाल्ला, डोळे मिटले आणि बराच वेळ तोंडात ठेवला. त्या दिवशी आकडा एकतीस होता.

दिवस मोठे झाले. सूर्य आता संध्याकाळी साडेआठलाही खिडकीत असायचा, आणि त्या लांब, पिवळ्या उजेडात सगळंच तरंगल्यासारखं दिसायचं: पलंग, पांढरी चादर, वहीवरचा तो हात. वीस. बारा. सात. रोजचा आकडा कशाचा आहे ते दोघींना माहीत होतं. डॉक्टरांनी सांगितलेला वसंत काठीवरून खाली उतरत होता. वैजाक्का तो आकडा रोज तोंडाने सांगत होत्या.

वीस एप्रिलला काठीच्या पायाशी ओली, काळी माती होती.

आदल्या संध्याकाळी त्यांनी केतकीकडून शब्द पाठ करून घेतला होता. नोल्ला. शून्य. सोपा शब्द. बसमध्ये त्या तो दहा वेळा म्हणाल्या. शंभर वर्षांचं आयुष्य संपलं तरी आपल्यात दिवा विझला म्हणत नाहीत, शांत झाला म्हणतात. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. पण इथे गाठ इर्माबाईंशी होती. चाळीस वर्षं नोकरीत आणि पुढे निवृत्तीत, त्या बाईने खोटा आकडा कधी लिहिला नव्हता, आणि तिला खोटं ऐकायचंही नव्हतं. तिने आपलं मरणसुद्धा वाऱ्याची दिशा सांगावी तसं सांगितलं होतं. तिला खरं तेच सांगायचं, असं वैजाक्कांनी ठरवलं होतं.

त्या खोलीत शिरल्या. इर्माबाईंनी पेन उचललं आणि वाट बघितली.

"युक्सी," वैजाक्का म्हणाल्या. एक.

इर्माबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बागेचा उतार सगळा उघडा होता, मागच्या वर्षीचं तपकिरी गवत, त्यात चोच मारणारे दोन पक्षी. बर्फाचा कण नव्हता. त्यांनी मान वळवून वैजाक्कांकडे बघितलं. वैजाक्का चादरीची घडी नीट करत होत्या. मग इर्माबाईंनी वही जवळ ओढली आणि लिहिलं.

दुसऱ्या दिवशीही युक्सी. तिसऱ्या दिवशीही. बाहेर ऊन तापत होतं, बर्चच्या झाडांना कोंब फुटत होते, आणि अंगणात रोज एक सेंटिमीटर बर्फ होतं. पाचव्या दिवसापासून वैजाक्का दारात पोचायच्या आत इर्माबाईच म्हणायच्या, "युक्सी," आणि त्यांच्या चेहऱ्याची ती एक बाजू हलायची. शेवटच्या दोन दिवशी शब्द उमटला नाही, त्यांनी एक बोट वर केलं.

तीस एप्रिलला वैजाक्का पोचल्या तेव्हा पलंगावरची चादर काढलेली होती. परिचारिकेने त्यांना खिडकीशी बसवलं, पाणी दिलं आणि मेणकापडाची वही हातात ठेवली. ती त्यांच्यासाठी ठेवून गेल्या आहेत, असं तिने खुणेने सांगितलं. केतकी कामावरून धावत आली तोवर वैजाक्का तशाच बसून होत्या.

दोघींनी मिळून वही उघडली. वर्षामागून वर्ष, सरळ ओळीत आकडे, आणि प्रत्येक वसंतात, ज्या दिवशी झालं त्या दिवशी, स्वच्छ शून्य. शेवटच्या पानावर अक्षर थरथरत गेलेलं होतं. वीस एप्रिल, एक. एकवीस एप्रिल, एक. अशा दहा ओळी. आणि त्या दहाही ओळींपुढे कंसात, बारीक अक्षरात, काहीतरी लिहिलेलं होतं, जे आधीच्या कुठल्याच पानावर नव्हतं. केतकीने वही उजेडाकडे धरून ते वाचलं.

"काय लिहिलंय गं?"

"निरीक्षक: व. सुतार," केतकी म्हणाली.

वैजाक्कांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्या रडल्या, मोकळ्या आवाजात, मिरजेत रडतात तसं, आणि बाहेरून जाणारी परिचारिका दार हळूच लावून घेऊन निघून गेली.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि खिडकीकडे बघितलं. सूर्य आभाळात चांगला वर होता. मावळायला अजून सहा तास होते. तिन्हीसांज नव्हती. त्यांनी केतकीकडून पेन मागून घेतलं, दहा ओळींच्या खाली तारीख घातली आणि तिच्यापुढे सावकाश, गोल, शून्य काढलं.